दुसरी गोळी

आमच्यात विटाळ पाळत नाहीत. हे मी भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये इतक्या वेळा ऐकवलं होतं, की बायका मला बघून जिन्यात बाजूला व्हायच्या. समोरची हंसाबेन महिन्यातले चार दिवस देवाच्या खोलीकडे फिरकायची नाही, पिण्याच्या पाण्याला हात लावायची नाही. मी दारातूनच विचारायची, "काय हंसाबेन, माठ बाटतो काय तुझ्या हाताने?" नगरपरिषदेत मी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसायचे. तिथेही माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जायचा. अशा तोंडाळ बाईने काय केलं, ते सांगते.

माझी पाळी पन्नाशीला गेली. सुटले एकदाची, म्हणून मी ते सगळ्यांना मिरवून सांगितलं. पण वर्षभरात अंगातून वाफा निघायला लागल्या. खिडकीवर बसल्या बसल्या कानशिलं पेटायची, झोप तर उडालीच. चिडचिड एवढी, की एका बापाचा मुलीच्या जन्माचा अर्ज मी त्याच्यासमोर टराटरा फाडला. बिचाऱ्याने फक्त तारीख खोडली होती. साहेब म्हणाले, "इंदूबाई, आता डॉक्टरला दाखवाच."

भाईंदर पश्चिमेला डॉक्टर एव्हलिन होत्या. मूळच्या उत्तनच्या, मोठ्या शिकलेल्या, पण चिडल्या की गावची भाषा तोंडात यायची. त्यांनी तपासून दोन गोळ्या लिहिल्या. पहिली रोज एक. दुसरी, दर महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना.

"दुसरी संपली की तीन-चार दिवस पाळीसारखं अंगावरून जाईल," त्या म्हणाल्या. "घाबरायचं नाही. मनाने काही बदलायचं नाही. सहा महिन्यांनी या."

पहिल्या गोळीने पंधरा दिवसांत झोप आणली. वाफा थांबल्या. मी माणसात आले. आणि पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला, सांगितलं होतं तसंच, अंगावरून गेलं.

सांगितलेलं असूनही मी हादरले. त्याच महिन्यात माझ्या मुलाचं, संघर्षचं लग्न झालं होतं. दोन खोल्यांचं घर, नवी सून तेजश्री, आणि बावन्न वर्षांची सासू कागदात पुडी गुंडाळून मोरीतून चोरासारखी बाहेर पडतेय! माझे यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. सून काय म्हणेल, बिल्डिंग काय म्हणेल? चार दिवस मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

मग मी डोकं चालवलं. बरं वाटतंय ते पहिल्या गोळीने. रक्त येतं ते दुसरीने. तर दुसरी हवी कशाला? पुढच्या महिन्यापासून मी ती बंद केली आणि कुणाला काही बोलले नाही.

केमिस्ट मात्र चिठ्ठी बघून दोन्ही पाकिटं द्यायचा. एकदा हंसाबेन साखर मागायला आली आणि कपाटावरचं दुसऱ्या गोळीचं पाकीट बघून चमकली. "अरे इंदूबेन, ये तो वोही टॅबलेट है! तारीख आगे करने की! परसों मेरे घर सत्यनारायण है।"

मी तिला अर्धा तास झापलं. कसला तुमचा देव, ज्याला बाईचं रक्त चालत नाही, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मी पाकीट तिच्या हातात कोंबलं. नवरात्राच्या आधी खालच्या मजल्यावरची दुर्गा आली. मग आणखी दोघी. शिव्या देत देत मी सगळ्यांना गोळ्या वाटल्या. मला तर ते पुण्याचं काम वाटत होतं. ऑक्टोबरमध्ये उकाडा वाढला, पुन्हा घाम फुटायला लागला, तेव्हा पहिल्या गोळीच्या मी स्वतःच रोज एकाच्या दोन केल्या. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलेच नाही. त्या पाळीचं विचारतील, ही धास्ती.

मार्चमध्ये, दुपारी अडीचच्या सुमाराला, एक गृहस्थ वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागत होते. रजिस्टर काढायला मी उठू लागले आणि मांड्यांवरून गरम काही तरी सरकलं. खाली पाहिलं, तर खुर्चीची गादी भिजलेली. एवढं रक्त मी बाळंतपणातही पाहिलं नव्हतं. त्या गृहस्थांना मी म्हटलं, "रजिस्टर सापडत नाही, उद्या या," आणि तशीच खाली बसले.

साडेपाचपर्यंत मी उठले नाही. तीन तास! शेजारच्या टेबलावर दोन बायका होत्या. एकीला हाक मारली असती तरी भागलं असतं. सगळे गेल्यावर जुनी रजिस्टरं बांधायचं लाल फडकं सोडलं, कमरेला गुंडाळलं आणि रिक्षाने घरी आले.

घरीही लपवलं. नऊ दिवस. दहाव्या दिवशी मोरीत डोळ्यांपुढे अंधारी आली. तेजश्रीने खांद्याने दार ढकललं, कडी तुटली, आणि फरशी पाहून ती किंचाळली. मग एक शब्द न विचारता तिने मला धुतलं, साडी नेसवली, रिक्षा आणली. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

"दुसरी गोळी वेळच्या वेळी घेताय ना?" डॉक्टर एव्हलिननी विचारलं.

मी पदर बोटाला गुंडाळत राहिले.

"इंदूबाई?"

"वाटली."

"काय केली?"

"बिल्डिंगमध्ये वाटली. पूजेबिजेला लागते बायकांना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काय केलंस गो बाय हे! पहिली गोळी पिशवीच्या आतलं अस्तर वाढवते. दुसरी त्याला आवर घालते, महिन्याच्या महिन्याला झाडून काढते. ते रक्त म्हणजे झाडलोट होती! दहा महिने तुम्ही नुसतं वाढवत बसलात. किती घेत होता पहिली?"

"दोन."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग हळू म्हणाल्या, "रक्त नको होतं तर मला सांगायचं ना. दोन्ही गोळ्या रोज थोड्या थोड्या दिल्या असत्या. चार-सहा महिन्यांत ते बहुतेक थांबलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त."

त्यानंतरचं मला काही ऐकू आलं नाही. उपाय होता. या खोलीत, या टेबलापलीकडे, फुकट होता, आणि मी तोंड उघडलं नव्हतं. मी! तेजश्रीने माझा हात धरला होता, तोही मला नंतर कळला.

क्युरेटिंग झालं, आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. अस्तरातल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर सापडला नव्हता, पण अशा पेशी पुढे तिकडेच जातात आणि कधी कधी आत लपलेलाही असतो, असं डॉक्टर म्हणाल्या. पिशवी काढावी लागेल. कळेल ते त्यानंतरच. घरच्या माणसाची सही हवी.

संघर्ष कामावरून थेट दवाखान्यात आला. डॉक्टरांनी सुरुवात केली, "तुमच्या आईंना पाळी गेल्यानंतर..." आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. कान लालबुंद.

"डॉक्टर, सही कुठे करायची तेवढं सांगा," तो म्हणाला. "बायकांचं काय असेल ते तेजश्रीला सांगा."

मला कुणी तरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. या पोराला मी चळवळीच्या सभांना कडेवर नेलं होतं. विटाळ खोटा, हे त्याने माझ्याच तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. पण सव्वीस वर्षांत आपल्या आईला पाळी येते, हे मी त्याला कळू दिलं नव्हतं. माझे पाळीचे कपडे दोरीवर साडीखाली वाळायचे. पोट दुखलं की मी पित्त झालंय म्हणायचे. तो शिकला ते यातून शिकला.

"खाली बस," मी म्हटलं.

"आई, बाहेर लोक आहेत."

"असू देत. बस."

आणि मी सांगितलं. मोरीतल्या पुड्या, बंद केलेली गोळी, हंसाबेन, ओली गादी, कमरेचं लाल फडकं, सगळं. माझा आवाज चिरकत होता, मधेच रडू फुटत होतं. मला मरायचं नाही, हेही सांगितलं. बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली होती. संघर्ष पेन हातात धरून जमिनीकडे बघत होता.

"तीन तास तशीच बसलीस?" त्याने विचारलं. "मला फोन करायचास."

"काय सांगितलं असतं? आणि तू ऐकलं असतंस?"

डोळे भरले होते त्याचे. मग त्याने सहीचा कागद बाजूला सारला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि डॉक्टरांकडे वळला.

"पहिल्यापासून सांगा," तो म्हणाला. "मला सांगा." कान अजून लालच होते.