रांजणात पाणी होतं

दुपारी दोनच्या सुमाराला बेबीनंदा खडीच्या ढिगाजवळ पडली. उन्हं कलायच्या आत बैलगाडीतच तिचा जीव गेला. तिला सातवा महिना होता. पोटातलं मूलही गेलं. साल त्र्याहत्तर, महिना वैशाख. धावडा गावापासून कोसभर आत, उघड्या माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं, तिथली ही घटना.

गाव म्हणालं, ऊन लागलं.

ते खोटं नव्हतं. त्या दिवशी दगड नुसत्या हातानं धरवत नव्हता. बायका पदर हाताला गुंडाळून खडी फोडत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनीही उन्हाचंच कारण सांगितलं. पण एवढ्यानं सगळं सांगून होत नाही, हे कामावरच्या एका बाईला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणजे रांजणावर बसून पाणी पाजणारी तुळजाबाई.

तुळजाबाई बद्रीनाथची बायको. खात्यापित्या घरची. पण सलग दोन वर्षं आभाळ फिरकलं नाही, विहिरीच्या तळाला भेगा पडल्या आणि एरवी उंबऱ्याबाहेर कामाला न जाणाऱ्या बायकाही हातोडी घेऊन माळावर आल्या. मुकादम रखमाजी तिचा चुलत दीर. त्यानं तिला खडीवर बसवलंच नाही. "वैनी, तुमी सावलीला बसा अन् पाणी पाजा. यासारखं पुण्याचं काम न्हाई," तो म्हणाला. तुळजाबाईलाही ते पटलं. रोज सकाळी ती रांजणाला हळदीकुंकू लावायची, हात जोडायची, मग झाकण काढायची. तहानलेल्याच्या मुखात पाणी घातलं की देवी प्रसन्न होते, पाऊस पाडते, असं ती मनोमन धरून चालली होती.

पाजण्याची रीत मात्र दोन प्रकारची होती. आपल्या बायका आल्या की तुळजाबाई तांब्या भरून हातात द्यायची. बौद्ध बायका आल्या की त्यांनी चार पावलं अलीकडं वाकून ओंजळ करायची आणि तिनं उभं राहून लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वरून धार सोडायची. याला कामावर 'खाली ओतणं' म्हणत. गावातल्या त्या वस्तीनं धर्म बदलून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. त्यांनी येसकरकी, म्हणजे गावाची राखण-निरोप्यागिरी, सोडली, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, सणाला भाकर मागायला यायचं सोडलं. गावानं ते गिळलं, कारण इलाज नव्हता. पाण्याची धार मात्र वरूनच पडत राहिली.

त्या दिवशी टँकर आला नव्हता. रखमाजी घाम पुसत रांजणाशी आला, आत डोकावला आणि म्हणाला, "वैनी, हात आखडून. आपल्या बायाइचं झाल्याबिगर खाली ओतू नका."

"अन् टँकर न्हाईच आला तर?"

"यील की! जातो कुठं?"

थोड्या वेळानं बेबीनंदा आली. गिरिजाबाईची सून, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. एका हातानं कंबर धरून ती वाकली आणि तिनं दुसरा हात पुढं केला.

"मावशे, घोटभर ओत की वं."

"थांब गं पोरी. टँकर येऊनच राह्यला."

"घसा निस्ता चिकटून राह्यला."

"सगळ्याइचाच चिकटला. तुझ्या एकलीचा का?"

"माझ्या एकलीचा कुठं? दोघाइचा हाय," बेबीनंदा पोटाकडं बघून हसली.

तुळजाबाईलाही हसू आलं. झाकणावर ठेवलेला हात मात्र तिनं उचलला नाही. पोरगी जरा वेळ तशीच वाकून राहिली, मग "बरं" म्हणाली आणि ढिगाकडं परतली. तेवढ्यात रखमाजीची बायको केशरबाई आली. तिला तुळजाबाईनं तांब्या भरून दिला.

मग ओरडा झाला. तुळजाबाई ओगराळं भरून धावली. बेबीनंदा उताणी पडली होती, डोळे अर्धवट मिटलेले. "डोकं उचल तिचं! मांडीवर घे!" मागून कुणी ओरडलं. तुळजाबाई उभीच होती. उभ्या उभ्याच तिनं वरून धार सोडली. पाणी ओठांवर पडलं, हनुवटीवरून ओघळलं आणि धुळीत जिरून गेलं. टोपली टाकून गिरिजाबाई पळत आली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिनं वर तुळजाबाईकडं पाहिलं.

त्या पाहण्यानं तुळजाबाईची झोप उडवली. मंगळवारचा उपास तिनं निर्जळी केला, देवीच्या पारावर जाऊन नाक घासलं. पण हात जोडले की ओठांवर पावसाचं मागणं यायचं. रांजणाचं यायचं नाही. एवढी वर्षं ज्या बायकांबरोबर ती आरतीला उभी राहिली, त्यांतल्या एकीला तरी सांगावं, असं तिला वाटलं. सासूला, झुंबरबाईला, तिनं विषय काढूनही पाहिला.

"तू काय तिचा गळा दाबला व्हता का?" झुंबरबाई म्हणाली. "तिची घडी भरली. उगी जिवाला लावून घेऊ नको."

सगळ्यांनी तिला असंच मोकळं करून टाकलं. ती मोकळी काही झाली नाही.

बौद्ध वस्तीतल्या माणसांनी काम सोडलं नाही. सोडून खाणार काय? पण त्यांनी रांजणाकडं येणं बंद केलं. दुपारच्या सुट्टीत सगळे पळसाखाली बसत. दगडावर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवत आणि म्हातारा कडूबा सावकाश त्रिसरण-पंचशील म्हणत असे. नागपूरला दीक्षेला चालत-गाडीनं कसा गेलो, हे तो एरवी रंगवून सांगायचा. आता नुसतं म्हणायचा, बाकीचे मागून म्हणायचे. गिरिजाबाईचा आवाज मध्येच तुटायचा. मग शेजारची तो शब्द उचलायची, तिला पुढं न्यायची. रांजणावर बसल्या बसल्या तुळजाबाईला ते सगळं ऐकू येई. शब्दांचा अर्थ तिला कळत नव्हता. एकीचा आवाज बसला की दुसरीनं धरायचा, एवढं कळत होतं. आपल्या आरतीत असं कुणी कुणाला धरल्याचं तिला आठवेना.

बेबीनंदासाठी वस्तीत पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा नवरा वसंता पळसाखाली उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"आबा, मी मुंबईला जातो. हितं माझं काय राह्यलं?"

"जा की," कडूबा म्हणाला. "पन जायच्या आधी नदीत एक झिरा खण."

"कशाला?"

"तुझ्या बायकोनं जे मागितलं ते पाजायला."

"कोनाला?"

"जो यील त्याला."

वसंता रांजणाकडं बोट दाखवून ओरडला, "त्याइला बी?"

कडूबा म्हणाला, "प्राणिमात्राची हिंसा करनार न्हाई, असं रोज म्हनतोस ना? त्यात आपलेच प्रानी, असं कुठं म्हनलंय? मला म्हाताऱ्याला तर असं सापडलं न्हाई. तुला सापडलं असलं तर सांग."

"आबा, मस्करी करू नगा."

"मस्करी न्हाई लेकरा. रडायला सारा जलम पडला. खण आधी."

वसंता तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो फावडं घेऊन नदीच्या कोरड्या पात्रात उतरलेला दिसला. मागून बाकीचे उतरले. रोज कामावरून सुटले की वंदना आणि मग वाळू उपसणं. बायका घमेली वाहत, म्हातारे कडेला दगड रचत. गिरिजाबाई सगळ्यांच्या पुढं. वस्तीत दोन भावक्यांचं कैक वर्षांचं वाकडं होतं. ती माणसंही एकाच खड्ड्यात उभी राहून एकमेकांच्या हाती घमेलं देऊ लागली. शेवटी ओल लागली, ओलीचा चिखल झाला आणि एका सकाळी खड्ड्यात निवळ पाणी दिसलं.

त्याच आठवड्यात टँकर बंद पडला. रांजण खरोखर कोरडा झाला. तेव्हा आपल्या बायका परसाकडला जायचं निमित्त करून नदीत उतरू लागल्या. परत येताना ओठ पदरानं पुसून घेत. तुळजाबाईनं दुपारपर्यंत कळ काढली. मग तीही गेली.

झिऱ्याशी गिरिजाबाई एकटीच होती. तिनं लोटा बुडवला, भरला. तुळजाबाई समोर वाकली आणि आपसूक तिच्या दोन्ही हातांची ओंजळ झाली.

"ओंजळ कशाला?" गिरिजाबाई म्हणाली. "लोटा धर हातात. आमच्यात असंच देत्यात."

तुळजाबाईनं लोटा धरला. पाणी प्यायली. मग खाली वाळूत बसली.

"गिरिजा, त्या दिशी रांजणात पानी व्हतं."

"मला ठावं हाय. तू केशरबाईला तांब्या भरून दिलास. मी पाह्यलं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? माज्या मांडीवर सून मरत व्हती."

तुळजाबाई तिच्या पायाकडं हात नेऊ लागली. गिरिजाबाईनं पाय मागं घेतले. "पाया पडू नको बाई. पाया पडलीस की तू सुटलीस, अन् मी तुला माफ करायला बांधली गेली. मला ते जमनार न्हाई."

"मंग मी काय करू?"

"मला सांगून काय उपेग? मला म्हाइतीच हाय. ज्याइला म्हाईत न्हाई त्याइला सांग."

बेबीनंदाच्या मरणाबद्दल वस्तीनं तहसिलीत अर्ज दिला होता. चौकशीला अव्वल कारकून यायचा होता. आदल्या सकाळी रखमाजी घरी आला. बद्रीनाथ ओट्यावर बसला होता.

"वैनी, सोपं हाय. टँकर आल्ता न्हाई, रांजण ठणठणीत कोरडा. ऊन लागलं. बस्स."

"अन् कोरडा नव्हता तर?"

रखमाजीनं बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथ म्हणाला, "मेलेलं मानूस काय उठून येनार हाय का? जित्याइचं बघ. याची मुकादमी जाईल. भाऊबंदात तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई."

"तुमाला तोंडाची पडली," तुळजाबाई म्हणाली, "मला ह्या हाताची पडली."

कारकून जीपमधून उतरला. खुर्ची मांडली. एका बाजूला गावची माणसं, दुसऱ्या बाजूला बौद्ध वस्ती. रखमाजीनं आपलं पाठ केलेलं सांगितलं आणि म्हणाला, "विचारा पाणीवालीला."

"काय हो बाई? टँकर आला होता?"

"न्हाई साहेब. ते बराबर हाय."

रखमाजीनं सुस्कारा सोडला.

"पन," तुळजाबाई म्हणाली, "खाली ओतायची पाळी आल्ती न्हाई अजून."

कारकून दूरच्या शहरातून बदलून आला होता. त्यानं मान वर केली. "खाली ओतायची म्हणजे?"

मागं एक बाई पदर तोंडाला लावून खाकरली. रखमाजी घाईनं म्हणाला, "बायाइची बोली हाय साहेब. तुमी लिवा फुडं."

"त्यांना सांगू द्या."

रोज चारचौघांत वापरलेला तो शब्द उलगडून सांगायची वेळ आली, तेव्हा तुळजाबाईनं हात वर करून दाखवलं. "असं उभं राहायचं. त्याइनं असं वाकायचं. अन् वरून धार सोडायची. आपल्या बायाइचं झाल्यावर."

"आणि त्या दिवशी?"

"रांजणात पानी व्हतं. झाकन माज्या हाताखाली व्हतं. पोरगी मागत व्हती."

"मग दिलं का नाही?"

तुळजाबाईनं गावच्या माणसांकडं पाहिलं, मग समोर. "आमच्या बाया प्यायच्या राह्यल्या व्हत्या."

"खोटं बोलून राह्यली!" बद्रीनाथ उठून ओरडला. कारकुनानं त्याला खाली बसवलं. केशरबाई मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. कारकुनानं रखमाजीला आणखी काही विचारलं, पाणी न मागता जीपमध्ये बसला आणि गेला.

या चौकशीला तीन आठवडे होत आले. निकाल आलेला नाही. रखमाजी अजून मुकादम आहे. टँकर पुन्हा सुरू झाला. रांजणावर केशरबाई बसते. तिच्या ओगराळ्याचा दांडा तेवढाच लांब आहे, पण त्याच्याखाली ओंजळ धरायला कुणी येत नाही. बद्रीनाथ बायकोच्या हातचं जेवत नाही. झुंबरबाई त्याला वेगळी भाकर थापून देते. देवीच्या आरतीला तुळजाबाई गेली तर शेजारच्या बायका सरकून उभ्या राहतात.

तिला खडीवर घातलं आहे. ती ओळीच्या शेवटाला, गावच्या आणि बौद्ध वस्तीच्या टोळ्यांच्या मधल्या जागेत बसून दगड फोडते. दुपारी वंदना सुरू झाली की ती हातोडी खाली ठेवते आणि पळसाच्या सावलीच्या जरा बाहेर, उन्हात जाऊन बसते. तिला कुणी ये म्हटलेलं नाही. जा असंही कुणी म्हटलेलं नाही. वसंता मुंबईला गेला नाही. तो रोज झिरा उपसतो आणि येईल त्याला पाणी देतो. तुळजाबाई आली की तिच्याही हातात लोटा ठेवतो. तिच्याशी तो अजून एक शब्दही बोललेला नाही.