घरचा आवाज

"आला का रे?" आत्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"येईल गं, येईल. तुझा ट्रंककॉल आहे का तो, तासभर ताटकळत ठेवायला?" पोपट म्हणाला खरा, पण त्याची नजर घड्याळावर होती. सहा वीस केव्हाच होऊन गेले होते.

गच्चीच्या मधोमध खुर्ची टाकून आत्या बसली होती. अंगावर शाल, कानाला मफलर, मान वर. खुर्चीची पाठ धरून पोपटची बायको उभी होती. आत्याला तीन मजले चढवून वर आणणं म्हणजे खायचं काम नव्हतं. पायाने पायरी चाचपायची, कठडा शोधायचा, प्रत्येक वळणावर दम घ्यायचा. एवढं सगळं करून वर यावं, तर आकाश आपलं जागच्या जागी. चांदण्या होत्या, पण चालणारी एकही नव्हती.

पोपट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ऐकलेलं सगळं लहानपणी हुबेहूब म्हणून दाखवायचा, म्हणून आत्याने ठेवलेलं. मोठेपणी त्याने त्याचाच धंदा केला. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' असं बजावतो तो पोपट. बँकेला फोन लावला की 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे' असं म्हणत पाऊण तास लटकवून ठेवतो तोही पोपटच. सिमेंट, केसांचं तेल, गुडघ्याचं मलम, लोक कागद पुढे ठेवायचे आणि हा छातीतून आवाज काढून वाचायचा. त्या मलमाने कुणाचा गुडघा बरा झाला असेलच, तर तो पोपटच्या आवाजाने.

पण जीव रमायचा तो भलत्याच गोष्टीत. रात्रीचं आकाश आणि यंत्रं. लटकता पूल वाऱ्यात का डोलतो, पाणबुडी बुडते कशी नि वर येते कशी, मृगाच्या खांद्यावरचा तारा तांबडा का, असले व्हिडिओ तो फावल्या वेळात करायचा. स्टुडिओ कुठला परवडायला? बेडरूममधल्या गोधड्यांच्या कपाटात मान खुपसून रेकॉर्ड करायचा, म्हणजे आवाज घुमत नाही. तेवढा वेळ घरात पंखा बंद, मिक्सर बंद, बायको चवड्यांवर. पैसा एक मिळत नव्हता. पण बघणारे होते, प्रश्न विचारणारे होते आणि कुणीतरी आपल्याला 'सर' म्हणतं याचं त्याला मनातून फार अप्रूप होतं.

त्यातली सगळ्यात जुनी श्रोती म्हणजे आत्या. आई-बाप लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, पुढ्यात वायरींचं जंजाळ, आणि साता समुद्रापलीकडचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. पुढे उपग्रह आले, यंत्रं आली आणि तिच्या खुर्चीची गरज संपली. आता काचबिंदूने डोळे चालले होते. बाजूचं सगळं मिटत आलेलं, मधलं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. उरलंय ते किती टिकेल याची डॉक्टर हमी देत नव्हते.

"माझी नोकरी खाल्ली त्या मेल्यांनी," आत्या म्हणाली होती. "वर कसे मिरवतात ते एकदा बघू तरी दे."

"अगं, अंतराळ स्थानक आहे ते. माणसं राहतात त्यात. तुझी नोकरी खाणारे वेगळे."

"भावकीतलेच ना? मग झालं तर."

म्हणून हा सगळा घाट. आज गुरुवारी ते कधी दिसेल हे सांगणारा व्हिडिओ त्याने खास तिच्यासाठीच केला होता.

आता त्याने चोरून फोन उघडला. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'सर, ते आज सकाळी सहा वीसला गेलं. आम्ही पाहिलं, मस्त दिसलं. तुम्ही संध्याकाळ कसं म्हणालात?' त्याखाली दुसरा: 'पोरांना घेऊन थंडीत उभा आहे. काय चेष्टा लावलीय?'

पोपटने फोन झटकन खिशात टाकला. क्षणात सगळं आठवलं. टिपणात नुसतं 'गुरुवार, ६:२०' होतं. कपाटात वाचताना वाक्य लंगडं वाटायला लागलं. काहीतरी कमी पडत होतं. मग त्याने आपल्या मनाने एक शब्द घातला. 'गुरुवारी संध्याकाळी, सहा वाजून वीस मिनिटांनी, फक्त मान वर करा.' काय पडलं होतं वाक्य! तीनदा ऐकून स्वतःवरच खूश झाला होता. आवाज देणाऱ्यांची खोडच ती, कानाला गोड लागलं की ते खरंच असणार. पडताळायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"पोपट, गेला की काय?"

"नाही गं."

"मला मेलीला दिसला नसेल म्हणून विचारते."

तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून एक दिवा वर आला. विमान. रोज याच सुमाराला जाणारं. पोपटने ते पाहिलं, बायकोनेही पाहिलं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द जिभेवर होते. आत्याने वर केलेला चेहरा मध्ये आला. आणि त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"आला! तो बघ, आत्या, टाकीच्या वर. तो आला बघ."

छातीतून आलेला, भरदार, मधात बुडवलेला आवाज. आत्याने मान हळूहळू फिरवली, नळी नेमकी लावल्यासारखी, आणि थांबली.

"दिसला," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "लुकलुकतोय का रे?"

"त्याचे सौरपंख असतात ना मोठे, त्यांच्यावर ऊन पडून चमकतात," पोपट म्हणाला. एक खोटं पचवायला दुसरं, तेही शास्त्राचा मुलामा देऊन. बायकोने खुर्चीवरून हात काढून घेतला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. आत्या दिवा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, मग तिने हात जोडले. विमानाला!

घरी आल्यावर त्याने व्हिडिओ गुपचूप काढून टाकला. माफी नाही, खुलासा नाही. खालचे प्रश्नही त्याच्याबरोबर गेले.

बायकोने ताटं वाढता वाढता एवढंच विचारलं, "सांगणार आहेस ना तिला?"

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना!"

सांगायचं कुठलं! दुसऱ्या दिवसापासून आत्याने ज्याला त्याला ऐकवायला सुरुवात केली. दूधवाल्याला दारात उभं करून सांगितलं. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावून सांगितलं, "बघितला बाई एकदाचा. पांढराफेक. आमच्या पोपटने दाखवला." प्रत्येक वेळी पोपट दुसऱ्या खोलीत निघून जायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चांदण्यावरच चोरी झालेली. कपाटात मान घातली तरी आवाज फुटेना. आपलाच आवाज कानावर आला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. बाहेर कुठे लिफ्टमध्ये शिरून स्वतःला 'दरवाजा बंद होत आहे' म्हणताना ऐकायला नको, म्हणून गडी जिन्याने ये-जा करायला लागला.

त्या आठवड्यात पहाटेच्या आणखी तीन फेऱ्या होत्या. पडताळून, दोनदा तपासून त्याने बघून ठेवल्या होत्या.

"आत्या, पुन्हा बघायचा का? पहाटे आहे, छान दिसेल," त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आता कशाला? बघितला की मी," आत्या म्हणाली.

झालं! खरं दाखवायचं तर खोटं कबूल करायला हवं, आणि कबूल करायला तोंड नव्हतं. तिन्ही पहाटे गजर झाला, तिन्ही वेळा त्याने तो उशीखाली दाबला आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिला. ती आपल्या खोलीत जागीच असायची. खोकल्याचा आवाज यायचा. उठून चार पावलं जायचं होतं फक्त, पण तेवढंही या पठ्ठ्याच्याने झालं नाही. मग फेऱ्या संपल्या. पुढच्या थेट दीड महिन्याने होत्या.

मधल्या काळात तो आत्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीण बाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं, मग त्याला बाजूला घेतलं. "उजवा जवळपास गेलाय. डाव्याचं वर्तुळ खूप लहान झालंय. गेल्या महिन्यात बरं होतं तसं."

गेल्या महिन्यात बरं होतं. रिक्षात बसून घरी येताना पोपटच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत होतं. आत्या त्याच्या दंडाला धरून बसली होती.

घरी आल्यावर ती पलंगावर टेकली. तिच्या डोळ्यांत थेंब घालून झाले आणि बाटलीचं झाकण लावता लावता पोपट एकदम बोलून गेला, "आत्या, त्या दिवशी... गच्चीवर... ते..."

"विमान होतं," आत्या म्हणाली. डोळे मिटलेलेच.

पोपटने बाटली खाली ठेवली. "तुला दिसलं होतं?"

"घरघर ऐकू येत होती की. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले." तिने ओघळलेला थेंब पदराने टिपला. "आणि घरघर नसती आली तरी कळलंच असतं. तू घरी एका आवाजात बोलतोस, आणि तेल विकतोस ते दुसऱ्या. 'आला बघ' म्हणालास तो तेलाचा आवाज होता. तीस वर्षं लोकांचे आवाज जोडलेत मी. कोण कुणाशी काय खोटं बोलतंय ते पहिल्या 'हॅलो'ला कळायचं. तू तर हातावर वाढलेला."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते पोपटला त्या दिवशी कळलं. "मग तू सगळ्यांना का सांगत सुटलीस? दूधवाल्याला? मैत्रिणीला?"

"तुझी बायको समोर होती. तिने खुर्चीवरचा हात काढून घेतला, ते कळलं मला." आत्याने पदर सारखा केला. "म्हटलं, एकट्याला जड जाईल. अर्धं आपण उचलू."

त्याला रडू फुटलं. बायको दारात आली, तशीच परत गेली. "तीन वेळा येऊन गेला गं तो," पोपट म्हणाला, "त्याच आठवड्यात. तुला दिसला असता. मी उठवलंच नाही."

यावर मात्र आत्याने नुसता हात पुढे केला, आणि तो त्याच्या डोक्याला लागायच्या आधी हवेतच जरासा चुकला.

त्या संध्याकाळी पोपटने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक व्हिडिओ केला. कपाट नाही, गोधड्या नाहीत, मागे नळाची धार. 'ती सकाळची वेळ होती. संध्याकाळी हा शब्द मी ऐकायला बरं वाटावं म्हणून घातला. तुम्ही थंडीत उभे राहिलात आणि मी व्हिडिओ काढून टाकून पळून गेलो. मला लाज वाटते.' एवढंच. पुन्हा ऐकून न बघता त्याने तो चॅनेलवर टाकला.

दीड महिन्यानंतरच्या पहिल्या पहाटे दोघांनी आत्याला पुन्हा वर नेलं. या खेपेला वळणावळणावर जास्तच थांबावं लागलं. खुर्ची, शाल, मफलर. गार वारं सुटलं होतं.

आणि तो आला. अगदी वेळेवर, घराच्या उजव्या अंगाने, लुकलुक नाही की घरघर नाही. असा स्वच्छ की बायकोच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं.

"आत्या, आला. उजवीकडे. अजून... अजून थोडी मान... नाही, वर गेलीस तू. खाली घे."

आत्या मान फिरवत राहिली. तो सरकत होता आणि तिचं ते इवलंसं वर्तुळ त्याच्या मागे धावत होतं, कधी पुढे, कधी खाली. पोपटने तिची हनुवटी हातात धरली, हलकेच वळवली. "आता? आता समोर आहे बघ."

"नाही रे," आत्या म्हणाली. "काळोखच आहे."

तो डोक्यावर आला होता. त्या क्षणी 'दिसेल, दिसेल' म्हणणं फार सोपं होतं, आवाज छातीत तयारच होता. पोपटने तो गिळला.

"तुला नाही दिसणार आता," तो म्हणाला. आवाज फाटला. "माझ्यामुळे."

"बरं," आत्या म्हणाली. तिने मान वर करायचं सोडून दिलं. मफलर जरा सरकवला आणि उजवा तळहात कानावर ठेवला, हेडफोन सारखा करावा तसा. "मग सांग तू. काय दिसतंय?"

"एक... ठिपका आहे. पांढरा. मोठा नाही तसा. जातोय आपला... सरळ. आता टाकीच्या वर आलाय. त्याला... कसं सांगू... घाई नाहीये त्याला." शब्द अडखळत होते, वाक्यं लंगडत होती, मध्येच नाक ओढावं लागत होतं. "आता खाली चाललाय. पुसट होतोय. पुसट... गेला. दिसत नाही आता मला."

पोपटने बाहीने नाक पुसलं.

आत्याचा हात अजून कानावरच होता. "बोल," ती म्हणाली. "लाइन चालू आहे."