रेव्हरंड मिम्स यांच्या हातचा बाप्तिस्मा

"उभं राहायचं म्हणजे अगदी सगळ्यांनी?" मी विचारलं.

"सगळ्यांनी नाही, मदर टॅर्व्हर," रेव्हरंड क्रूम म्हणाले. "रेव्हरंड मिम्सनी ज्यांना ज्यांना स्वतःच्या हातानं बाप्तिस्मा दिला, त्यांनीच. मी नुसतं एवढं म्हणायचा अवकाश, अख्खं चर्च शवपेटीसमोर उभं राहिलेलं दिसेल. शंभर भाषणांपेक्षा भारी. हो की नाही?"

क्रूम आमचे नवे पाळक. वय बत्तीस, बूट कायम चकचकीत, आणि एकदा डोक्यात काही आलं की ते केल्याशिवाय चैन नाही. मी बाकांवर पुठ्ठ्याचे पंखे ठेवत होते. ते हातातून सुटून खाली पसरले.

"भारीच होईल," मी म्हणाले, आणि पंखे गोळा करायला वाकले ती मुद्दामच बराच वेळ वाकून राहिले. तोंड दाखवायची सोय नव्हती. दोन तासांनी आमचे जुने पाळक रेव्हरंड मिम्स यांचा अंत्यविधी होता.

आमच्या टॅलो बेंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा म्हणजे आख्खं माणूस पाण्याखाली. डोक्यावरचा एक केस कोरडा राहिला तरी चालत नाही. तो झाल्याशिवाय सभासद नाही, आणि सभासद नाही तर प्रभुभोजनाच्या ताटाला हात लावायचा नाही. चर्चचा कारभार बघणारा डीकन एझ्रा लॉकेट, त्याची सासू जन्माची मेथडिस्ट पंथाची. बाळपणी तिच्या कपाळावर चार थेंब शिंपडलेले. ऐंशीव्या वर्षी ती लेकीकडे राहायला आली, तर लॉकेटनं भर सभेत सांगितलं, "थेंब शिंपडून काही होत नाही, आजींना आत जावं लागेल." गेली बिचारी. बाहेर आली तेव्हा दातांची कवळी चर्चमधल्या हौदातच राहिली होती. त्या दिवशी टॉवेल घेऊन काठावर मीच उभी होते. गेली चाळीस वर्षं प्रत्येक बाप्तिस्म्याला टॉवेल माझ्याकडेच असतात.

आणि माझं, वयाच्या मानानं सगळे मदर म्हणतात त्या लुवेनिया टॅर्व्हरचं, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, दर रविवारी पांढरे हातमोजे घालून लोकांना बाकांवर बसवायला या चर्चच्या दारात उभ्या राहणाऱ्या बाईचं डोकं पाण्याखाली कधी गेलेलंच नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातले एक आज पेटीत होते.

मी बारा वर्षांची होते. तेव्हा हौद नव्हता, बाप्तिस्मे नदीतच व्हायचे. त्याच नदीत त्याआधी चार वर्षं माझा भाऊ आयझाया बुडाला होता. मी काठावर होते. त्याचा हात वर आलेला मी पाहिला आणि पुन्हा वर न आलेलाही पाहिला. पण आईला वाटायचं, लुवेनियाचा आत्मा तरी मार्गी लागावा. सप्टेंबरातल्या त्या रविवारी आम्ही नऊ मुलं पांढऱ्या चादरींचे झगे घालून रांगेत उभी राहिलो. रेव्हरंड मिम्स कमरेएवढ्या पाण्यात. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते, आठवडाभर शाळेची बस चालवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. गळा इतका बेसूर की त्यांनी भजन धरलं की बायका लगेच आवाज चढवायच्या.

माझी पाळी आली. मी त्यांच्या गळ्याला अशी मिठी मारली की त्यांना श्वास घेता येईना. मी ओरडले नाही. आवाजच फुटत नव्हता. काठावर सगळे गात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काठाकडे पाठ फिरवली. पाठ होती दरवाजाएवढी. मला घेऊन ते स्वतःच खाली गेले, गळ्यापर्यंत, पण जाताना माझं डोकं त्यांच्या डोक्याआड, पाण्याच्या वर धरून. माझ्या डोक्यावरचं फडकं त्यांनी त्याआधीच ओंजळभर पाण्यानं भिजवलं होतं. वर आले ते मोठ्यानं "आमेन" म्हणतच. काठावर माझी आई नाचत होती.

"हे माझ्या माथ्यावर," ते माझ्या कानात म्हणाले. "तुझी भीती गेली की सांग. आपण दोघंच येऊ, कुणाला कळायला नको."

त्यानंतर दर सप्टेंबरात, उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना ते हळूच विचारायचे, "लुवेनिया, यंदा?" आणि मी म्हणायचे, "यंदा नको, रेव्हरंड." ते मान हलवून पुढच्या माणसाकडे वळायचे. माझं लग्न झालं, मुलं झाली, चर्चमध्ये हौद आला, त्यात कोमट पाणी आलं. यंदा? यंदा नको. रागावणं नाही, उपदेश नाही. माझा नवरा लॉनी लाकडाच्या गिरणीत अपघातात गेला त्या दिवशी ते आले, बाही सरसावून माझ्या मोरीतली सगळी भांडी घासली, आणि ती पुसून फळीवर लावून झाल्यावर मगच म्हणाले, "चल, आता प्रार्थना करू." असा माणूस. मागच्या महिन्यात दवाखान्यात नळ्या लावलेल्या होत्या तरी त्यांनी भुवया वर केल्या. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." ते हसले. मला वाटलं होतं की वेळ आहे. याची मला किती लाज वाटते ते मी कुणाला सांगू?

आता तुम्ही म्हणाल, उभी राहा आणि सोडून दे. मलाही तसंच वाटत होतं. पण एकोणसाठ वर्षं मी फक्त गप्प बसले होते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आज क्रूम विचारणार होते, आणि रेव्हरंड मिम्स पेटीत, माझ्यापासून आठ पावलांवर असणार होते. उभी राहिले तर त्यांच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं. बसून राहिले तर पाचशे माणसं विचारणार की का बसली, आणि मग डीकन लॉकेट म्हणणार, मिम्सनी आमच्या डोळ्यांत धूळ फेकली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं नाव माझ्यापायी एका दुपारी मातीत जाणार.

मग मला सुचलं. मी दारावरची. दारावरच्या बायका उपासनाभर उभ्याच असतात! उभ्या माणसाला उभं कोण करणार? माझा जीव जरा भांड्यात पडला. हातमोजे घालून मी माझ्या जागी जाऊन उभी राहिले.

पाऊण तासानं बर्निस आली. बर्निस हॉल्सी माझ्याबरोबर दारावर असते, शाळेपासूनची मैत्रीण, आणि जिभेला हाड नाही.

"काय गं, थरथरतेस कशानं? पंख्याचं वारं लागलं का?"

"काही नाही. जा तू तुझ्या दाराला."

"तुझ्याच दाराला आलेय. नवीन पाळकांनी सांगितलंय, मदर टॅर्व्हरला आज ड्यूटी नाही. दुसऱ्या बाकावर बसवा, घरच्यांच्या मागे."

"माझं काय अडलंय तिथं?"

"अगं, मान देतायत तर घे ना. एरवी कुरकुरतेस की कुणी विचारत नाही." तिनं माझा दंड धरला आणि भर गर्दीतून मला पुढे नेलं. सगळे मायेनं बघत होते. मला ती माया सोसवेना.

दुसऱ्या बाकावरून पेटी अगदी समोर, झाकण उघडं. रेव्हरंडांना निळा सूट घातला होता. हात छातीवर, ते मोठे बसवाल्याचे हात. माझ्यापुढे त्यांची बायको, सिस्टर व्हर्डेल मिम्स, शहाऐंशी वर्षांची, काळ्या टोपीखाली ताठ बसलेली. भजनं झाली. आलेल्या शोकाच्या तारा वाचून झाल्या. पत्रिकेवर पुढची ओळ मला दिसत होती आणि अक्षरं नाचत होती. मी प्रार्थना केली की दिवे जाऊ देत. दिवे गेले नाहीत.

"आणि आता," रेव्हरंड क्रूम म्हणाले, "रेव्हरंड मिम्स यांच्या हातचा बाप्तिस्मा ज्यांनी घेतला, त्यांनी उभं राहावं."

माझ्या मागे बाक करकरले. म्हातारे, तरुण, तुरुंगातून सुटून आलेला कर्टिस, शाळेची हेडमास्तरीण, गायनमंडळ, सगळे उठले. डाव्या हाताला डीकन लॉकेट छाती काढून उभा. कुणी रडत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं. उठले म्हणून काय होणार आहे, असं मी स्वतःला म्हणाले. ऊठ बाई. पायांना सांगितलं. पाय उठेनात. रेव्हरंड समोर होते ना.

क्रूम साहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया पसरली.

"मदर टॅर्व्हर, तुम्ही बसूनच हात वर करा." मग ते सगळ्यांना म्हणाले, "त्यांचे गुडघे दुखतात."

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं, मदर."

बर्निस माईक घेऊन धावत आली. आमच्याकडे बसून बोलत नाहीत. बोलायचं तर उठायलाच लागतं. मी पुढच्या बाकाला धरून उठले, तसा मागे गजर झाला, "आमेन, मदर, आमेन!" त्यांना वाटलं मी त्यांच्यात सामील झाले. तिथंच गप्प राहिले असते तरी निभावलं असतं. ते मला त्याही क्षणी कळत होतं.

"टाळ्या नकोत," मी म्हणाले. माझा आवाज माईकमधून परक्या बाईसारखा आला. "मी बोलण्यासाठी उठलेय. तुमच्यात धरू नका मला. रेव्हरंडांनी मला पाण्याखाली नेलंच नाही. मी घाबरले होते. माझा भाऊ त्याच पाण्यात गेला होता. ते स्वतः खाली गेले आणि मला वर धरलं, आणि तुमच्याकडे पाठ होती म्हणून तुम्हाला दिसलं नाही. दर वर्षी मला विचारायचे. दर वर्षी मी नको म्हणाले. दोष माझा आहे. त्यांना बोल लावू नका."

गायनमंडळातल्या कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

"म्हणजे," डीकन लॉकेट सावकाश म्हणाला, "एकोणसाठ वर्षं प्रभुभोजन घेत होतीस ते कशाच्या जोरावर? आणि रेव्हरंडांनी मंडळीला सांगितलं काय, तर बाप्तिस्मा झाला? माझ्या सासूला मी..." मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात सिस्टर मिम्स मागे वळल्या. त्यांना वळायला वेळ लागला. त्यांनी टोपीची जाळी वर केली आणि मला नीट न्याहाळलं.

"म्हणजे ती तू होय," त्या म्हणाल्या.

मी माईक खाली घेतला.

"त्या रविवारी माझा हॉरेस घरी आला आणि ओल्या कपड्यांनीच पायरीवर बसला. म्हणाला, व्हर्डेल, आज एका पोरीला मी वरच ठेवलं. मी म्हटलं, अरे, म्हणजे लोकांना फसवलंस की. तर म्हणाला, फसवलं नाही, मी तिची वाट बघतोय. कोण ती, ते काही बोलला नाही. एवढ्या वर्षांत नाही. दर सप्टेंबरात मी बायकांची तोंडं बघत बसायची, ही असेल का, ती असेल का." त्यांनी बर्निसकडे बोट केलं. "मला वाटायचं, ती बर्निस."

"मी?" बर्निस म्हणाली. "मी तर चांगली दोनदा गेले होते. पहिल्यांदा नाक वर राहिलं म्हणून."

कुणीतरी हसलं, आणि मग हसू मागच्या बाकांपर्यंत गेलं. सिस्टर मिम्स हसल्या नाहीत. त्यांनी बाकाच्या पाठीवरून हात लांब करून माझ्या हातमोज्यावर ठेवला. हात थंड होता.

"मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा म्हणाला," त्या म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. "अजून आली नाही गं ती."

मला रडू फुटलं. पाचशे माणसांसमोर, माईक हातात असताना, तोंड लपवायला जागा नसताना. त्यांचं नाव राहिलं होतं, माझंही कदाचित राहणार होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी जायला हवं होतं. कोमट पाणी होतं, ते होते, मला धरलं असतं त्यांनी. एकदा, एक श्वासभर, एवढंच होतं ते.

रेव्हरंड क्रूमच्या हातातला कागद उलटा झाला होता. शेवटी ते म्हणाले, "बसा. सगळ्यांनी बसून घ्या."

आणि सगळे बसले. कर्टिस बसला, हेडमास्तरीण बसली, गायनमंडळ बसलं. डीकन लॉकेट सर्वांत शेवटी बसला. रविवारच्या सभेत हा विषय निघणार, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं. निघू दे.

बर्निसनं माईक काढून घेतला आणि माझ्या कोपराला हात लावला. "बस आता, लुवेनिया. पडशील."

भीती गेली होती असं मी म्हणणार नाही, ती होतीच, बारा वर्षांची असताना होती तेवढीच. पण आता त्यांच्यासाठी मला उभंच राहायचं होतं. मी नकारार्थी मान हलवली आणि तिचा हात बाजूला केला.

पुढचं भजन सुरू झालं. पेटी उचलेपर्यंत त्या चर्चमध्ये मी एकटीच उभी होते.