कड्यावरची चवड

कुठेही गेलं की आपली खूण ठेवून यायची, हा रोग आपल्यात किती पसरलाय ते बागेतल्या बाकांवर कोरलेली नावं पाहिली की कळतं. आमच्या गल्लीत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एकालाही तो जडला होता. खूण करायची, फोटो काढायचा आणि दुकानात लावायचा. गिऱ्हाईक आधी फोटो बघायचं, मग डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं.

यंदा तो मोठ्या बहिणीबरोबर डोंगरातल्या तळ्याकडे निघाला. पाठीवर तंबू आणि शिधा, वाटेत दोन मुक्काम. जरा टेकलं की हा दगडावर दगड रचायला बसे.

“अरे, इथे दगडांची चवड म्हणजे ‘वाट इकडे’,” नर्स असलेली ताई वैतागून म्हणाली. “तुझी हौस होईल आणि कुणाचा तरी जीव जाईल.”

“ताई, सुट्टीत तरी वॉर्डातलं बोलू नकोस!”

शेवटचा चढ संपला आणि तळं दिसलं. काळं पाणी, जराही हलेना. आसपास एकही पाखरू नव्हतं. काठापासून वर उतारावर आधी येऊन गेलेल्यांनी रचलेल्या शेकडो चवडी होत्या, माणसं पाण्याकडे तोंड करून उभी असावीत तशा. त्याला कसंसंच झालं. पण हौस दांडगी! पाण्यावर झुकलेल्या कड्याच्या टोकाशी त्याने सगळ्यांत उंच चवड रचली. फोटो झकास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई झऱ्यावर पाणी आणायला गेली आणि धुकं उतरलं. चार-पाच हातांपलीकडचं दिसेना. तंबूपाशी उभा राहून तो हाका मारू लागला.

“काठ सापडत नाही रे!” ताईचा आवाज आला. “पण चवडी दिसताहेत. त्यांच्या मागोमाग येतेय!”

त्याला हायसं वाटलं. मग लक्षात आलं, आवाज वरून येतोय. तंबू तर खाली काठावर होता.

“ही बघ, मोठी चवड दिसली. आलेच!”

तो ओरडला, “ताई, थांब! ती वाट नाही! ती मीच रचलीय, पुढे कडा आहे!”

पाण्यात एक दगड पडल्याचा आवाज झाला. मग आणखी एक.

“ताई!”

“बसलेय मी,” बऱ्याच वेळाने आवाज आला. “पायाखालचे दगड निसटले. हलत नाही मी.”

धुकं विरल्यावर तो धापा टाकत वर पोचला. ताई कड्यापासून वीतभर अंतरावर बसली होती. तिला घट्ट धरून त्याने खाली पाहिलं. कपारीत एक विटलेली पाठपिशवी अडकली होती. आजूबाजूला कुणीच नव्हतं.

“ही... माझ्यामुळे नाही ना?”

“तुझ्यामुळे नाही,” ताई म्हणाली. “तुझ्यासारख्या कुणामुळे.”

तो रडला. मग दोघांनी मिळून कड्यापासून काठापर्यंतची एकेक चवड मोडली. दुपारी खाली उतरून त्यांनी वनखात्याच्या चौकीत त्या पिशवीची खबर दिली.

मंडळी, आपण गंमत म्हणून ठेवलेल्या खुणेवर मागून येणारा अनोळखी माणूस जीव सोपवून पाऊल टाकतो. ती ठेवताना त्याचा विचार करा!