शेजारची सीट

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली काही केल्या अडकेना, तेव्हा रॅली शिकवणाऱ्या काकांनीच हात पुढे करून तो खटकन बसवला आणि विचारलं, "ताई, गाडी येते ना चालवता?"

"बावीस वर्षं शिकवतेय," ती म्हणाली.

"शिकवणं वेगळं. चालवता कधी?"

बावीस वर्षं ती दिराच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणाऱ्याच्या शेजारी बसत आली होती, सकाळी सातच्या बॅचपासून. त्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकणारा चुकला की तो दाबायचा, एवढंच तिचं चालवणं. घरचं कुठे जायचं झालं तर तीच गाडी दीर चालवायचा आणि ती तेव्हाही शेजारीच बसायची. नवऱ्याला गाडीत बसलं की पाच मिनिटांत झोप लागायची, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता.

चार महिन्यांपूर्वी शिकणाऱ्या एका मुलीला वळणावरचा सायकलवाला दिसला नाही आणि शेजारून हिचा ब्रेक क्षणभर उशिरा लागला. सायकलवाल्याचा पाय मोडला. तो आता बरा होता. ती दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा उलट त्यानेच तिची समजूत घातली होती. पण तेव्हापासून तिचा पाय तिचं ऐकेनासा झाला. समोर कुत्रं दिसलं की ब्रेक, सिग्नल दिसला की ब्रेक, शिकणाऱ्याने नुसता जोरात श्वास घेतला तरी ब्रेक. पाच जणांनी शिकवणारा बदलून मागितला. एकाने तर मान अवघडल्याची लेखी तक्रार दिली.

दीर मनाने वाईट नव्हता. "वहिनी, आता तुम्ही काउंटर सांभाळा," हे सांगताना त्याने तिच्याकडे न बघता टेबलावरचे फॉर्म उगाच नीट केले होते. तिने एक संधी मागितली. मग गावाबाहेर जुन्या खाणीत रॅली, म्हणजे खडीवरून गाडी पळवायची शर्यत, शिकवतात तिथे एक दिवस जायचं, भीती गेली तर सोमवारी परत गाडी, नाहीतर काउंटर, असं ठरलं. आज शनिवार होता. कुंपणापलीकडे दीर स्कूलच्या गाडीला टेकून उभा होता आणि आल्यापासून तिसऱ्यांदा घड्याळ बघत होता.

काकांची गाडी आतून पार सोलून काढलेली होती. मॅट नाही, मागची सीट नाही, नुसता रंगवलेला पत्रा. समोर खडीचा रस्ता सरळ जाऊन एकदम डावीकडे वळत होता. वळणाच्या पलीकडच्या कडेला एक लाल प्लास्टिकचा कोन उभा होता.

"ब्रेक मारायचा तो सरळ रस्त्यावर. वळणात शिरलात की विसरायचा," शेजारी बसत काका म्हणाले. "गाडीची मागची बाजू घसरेल. घसरू द्या. जायचंय तिकडे बघा आणि बेताने रेस द्या."

"आणि नाही वळली तर?"

"तर थांबू, थोडी धूळ खाऊ, परत येऊ."

पहिल्या वेळी तिने वळणाच्या ऐन मध्यावर ब्रेक दाबला. चाकं जागच्या जागी धरली आणि गाडी नाकासमोर सरळ जाऊन खडीच्या ढिगात घुसली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. चौथ्या वेळी कोन गाडीखाली गेला. काकांनी उतरून तो ओढून काढला, झटकला आणि मुकाट्याने जागेवर ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. तिला रडू येत होतं, आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी हेल्मेट घालून रडू येतंय याचा संतापही येत होता.

"या इकडे," काका म्हणाले. "मी एक चक्कर दाखवतो."

ती शेजारच्या सीटवर बसली. बसल्याबरोबर सवयीने पाय कुठे ठेवायचा ते बघायला खाली वाकली. पत्र्यावरचा करडा रंग एका जागी पार उडाला होता. तळहाताएवढा चकचकीत डाग, आणि मधोमध खोलगट झालेला. तिच्या गाडीत जिथे ब्रेक होता, बरोबर तिथे.

काकांनी गाडी वळणात घातली. मागची बाजू घसरली, खिडकीत खाण फिरली आणि तिचा बूट आपसूक त्या खळग्यात जाऊन दाबला गेला. गाडी वळून सरळ झाली.

"काका, इथे कोण बसतं?"

"मीच. एकोणीस वर्षं झाली."

"मग हे..."

"दोनदा पत्रा बदललाय," काका चष्मा पुसत म्हणाले. "भीती तर वाटतेच हो. दर चकरेला वाटते. आपण शेजारी बसलोय, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात. पाय दाबल्याशिवाय राहवत नाही. पण तिथे ब्रेक नाही म्हणून माणसं शिकून जातात."

"माझ्या गाडीत आहे."

"हवाच तुमच्या गाडीत. खरंच लागेल तेव्हा मारा. एरवी पाय त्याच्या शेजारी आपटा."

पाचव्या वेळी तिने ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवला. वळणात शिरताना मागची बाजू सुटली आणि त्याच क्षणी शेजारून पत्र्यावर बूट दाबल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला. काकांचा सूर मात्र तसूभर हलला नाही.

"रेस द्या."

तिने रेस दिली. गाडी खडी उडवत वळली आणि सरळ रस्त्याला लागली. लाल कोन जागचा हलला नव्हता. तिला मोठ्याने हसू आलं.

परतताना दीर चालवत होता आणि ती शेजारी, आपल्या नेहमीच्या जागेवर. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा हवेत, असं त्याचं बोलणं चाललं होतं. काउंटरला पंखा नवा लावू, खुर्ची चांगली आणू, बसून काम, ऊन नाही की धूळ नाही. पुढच्या चौकात एक ट्रक आडवा वळत होता. दीर बोलतच होता. अंतर पुरेसं होतं, तेवढं तिला बावीस वर्षांच्या सवयीने कळत होतं. तिने पाय उचलला आणि ब्रेकच्या अलीकडे, नुसत्या तळावर दाबून धरला. पोटरीत गोळा आला तरी तिने तो हलवला नाही.

दिराचा पाय ब्रेककडे गेलाच नाही. मग एकदम डोळे विस्फारून त्याने करकचून ब्रेक मारला. गाडी ट्रकपासून चार हातांवर थांबली.

"वहिनी, ब्रेक का नाही मारलात?"

"तुमच्या पायाशीही आहे की, भावजी."

तो तिच्याकडे बघतच राहिला. घरच्या प्रत्येक प्रवासात आपल्याआधी तिचा पाय पडत आलाय, हे त्याला बहुधा आजच कळत होतं. ट्रक निघून गेला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"पहिला गिअर टाका," ती म्हणाली. सातच्या बॅचला म्हणायची तसंच. "घाई नको. आणि काउंटरला दुसरं कुणीतरी बघा."

दिराने पहिला गिअर टाकला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.