न चमकलेला ट्रे

ताईने ट्रेमधलं आणखी एक पिल्लू उचललं, त्याचा इवलासा पंख बोटांनी उलगडला आणि म्हणाली, "हाही नर."

धाकट्या बहिणीने ट्रेवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. हा ट्रे न चमकलेल्या अंड्यांचा होता. त्यात एकही नर निघायला नको होता.

ताईचं अंडी उबवण्याचं केंद्र होतं. पिल्लं अंडी देणाऱ्या जातीची. माद्या विकल्या जात, नरांना गिऱ्हाईक नसे. ते जन्मल्या दिवशीच मारायच्या यंत्रात जात. यंत्रावरचा माणूस सोडून गेल्यापासून बटण ताईच दाबत होती, आणि ज्या दिवशी दाबायची त्या दिवशी तिला जेवण जात नसे. केंद्र विकायचं तिने ठरवलंच होतं. धाकटीने गळ घालून थोडी मुदत मिळवली होती. तिच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या जनुकांत बदल करून जेलीफिशचं एक जनुक बसवलं होतं. नर गर्भाचं अंडं निळ्या दिव्याखाली हिरवं चमकेल आणि सुरुवातीलाच बाजूला काढता येईल. मग यंत्र हवंच कशाला, असा हिशेब होता.

अंडी चमकलीही होती, निम्मी. म्हणून सगळे निर्धास्त. केवळ खात्रीसाठी दोन्ही ट्रे उबवले होते.

"आता चमकलेल्यांत बघ."

ताईने बघितलं. तिथेही अर्धे नर, अर्ध्या माद्या.

"शास्त्रज्ञबाई, यापेक्षा नाणं उडवलेलं काय वाईट?"

धाकटीला मात्र ते निम्मं-निम्मं खटकत होतं. अपयश इतकं नीटनेटकं नसतं. जनुक भलत्याच ठिकाणी बसलं असतं तर असं झालं असतं. पण ती जागा तिने स्वतः तपासली होती. मग राहिले फक्त आईबाप.

कोंबड्यांच्या जोड्या लावायचं काम नव्या सहकाऱ्याकडे होतं. त्याची सगळी नोकरी उंदरांवर प्रयोग करण्यात गेली होती, म्हणून प्रयोगशाळेत त्याला उंदीरमामा म्हणत. धाकटीने त्याला फोन लावला.

"मामा, या अंड्यांचे आईबाप कोण?"

"बदललेले कोंबडे, साध्या कोंबड्या. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे कुणासारखं?"

पलीकडे कोंबड्यांच्या कलकलीत वहीची पानं भराभर उलटल्याचा आवाज आला.

"अरे देवा," मामा म्हणाला. "उंदरांसारखं."

फोन ठेवल्यावर धाकटीने ताईला समजावलं. उंदरांत आणि माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. चमकणारं जनुक कोंबडीकडे असेल तर ते फक्त तिच्या मुलग्यांना मिळतं. कोंबड्याकडे असेल तर मुलगे-मुली दोघांतही निम्म्यांना जातं.

"म्हणजे 'हिलाच मुली होतात' असं म्हणणारी कोंबडीची सासू खोटी नसते!" तीन मुलींची आई असलेली ताई इतकी हसली की हातातलं पिल्लू दचकलं. मग गंभीर होऊन म्हणाली, "आणखी एकदा. शेवटचं."

या वेळी बदललेल्या कोंबड्या आणि साधे कोंबडे होते. न चमकलेली अंडी फुटली, तेव्हा ताईने कुणालाच हात लावू दिला नाही. एकेक पंख स्वतः उलगडला. मादी. मादी. सगळ्या माद्या. त्यांच्यात तर ते परकं जनुक उतरलेलंही नव्हतं. होत्या तशाच साध्या कोंबड्या.

दाराशी उभ्या असलेल्या मामाने टाळी वाजवली. ताईने वाजवली नाही.

"चमकणाऱ्यांत काय असतं गं? त्या वेळी, तू बाजूला काढतेस तेव्हा?"

"बघायचंय?"

चार दिवसांपूर्वी उबवायला ठेवलेली अंडी धाकटीने निळ्या दिव्याखाली धरली. एक चमकलं. तिने ते वाटीत अलगद फोडलं. पिवळ्या बलकावर केसासारख्या लाल रेषा होत्या आणि मधे एक ठिपका लपलपत होता.

ताई वाटीवर वाकली.

"याला कळतं?"

"कळायला लागतं ते अजून काही तयार झालेलं नाही. असं आम्ही मानतो."

"मानता."

"हो. मी तरी मानते."

ठिपका मंदावत जाऊन थांबला. ताई तोवर वाकलेलीच होती. मग ताठ झाली आणि एप्रनला हात पुसले.

"त्याला पंख नाहीत, चोच नाही. यंत्रात जातात ते माझ्याकडे बघतात," ती म्हणाली. "एवढं मला झेपेल." आणि केंद्र विकत घ्यायला निघालेल्या माणसाला नकार कळवायला तिने तिथूनच फोन लावला.