शेवटच्या डोसानंतर काय

औषधाच्या पंपाने शेवटचा डोस दोनदा दिला आणि खापर फुटलं नर्सच्या डोक्यावर. ती नर्स वहिनीची धाकटी नणंद. पेशंट वाचला बिचारा, पण दुपारी चारला चौकशी होती आणि नणंदेची नोकरी जायच्या बेतात होती. पंपाचा प्रोग्राम वहिनीच्याच ऑफिसातला. सकाळी आठलाच ती कंबर कसून बसली.

"पंप ठीक आहे हो," साहेब म्हणाले. "तुमच्या नणंदेने बटण दोनदा दाबलं असेल."

"असेल म्हणून कुणाची नोकरी घालवायची का? मला तीनपर्यंत वेळ द्या."

पंपात डोसांची साखळी असते. प्रत्येक डोसापाशी पुढच्या डोसाचा पत्ता असतो, त्याला पॉइंटर म्हणतात. शेवटच्याच्या पुढे कोणी नसतं. पण रिकाम्या पत्त्यावर गेलेला प्रोग्राम कोसळतो, म्हणून नऊ वर्षांपूर्वी कुणा शहाण्याने शक्कल लढवली होती, की शेवटच्या डोसाने स्वतःचाच पत्ता धरून ठेवायचा. पुढचा तोच निघाला की थांबायचं. थांबायचं लक्षात ठेवायचं कोणी? लिहिणाऱ्या माणसाने, आणि तेही दर ठिकाणी!

वहिनीने सगळे पत्ते नव्या प्रकारचे करायला घेतले. या प्रकारात पुढचा डोस असेल किंवा नसेल, आणि 'आहे का?' असं विचारल्याशिवाय कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत आणणारं साधन, प्रोग्राम तयारच करून देत नाही. जिथे विचारलेलं नाही तिथे लाल ओळ. एकोणचाळीस लाल ओळी आल्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. अडतीस ठिकाणी थांबायची जुनी तपासणी होती, ती काढून तिने नवी लिहिली. एका ठिकाणी मात्र तपासणीच नव्हती. वीज जाऊन आल्यावर पंप पुन्हा सुरू होतो, ती जागा.

डोस दोनदा गेला त्या दिवशीच्या पंपाच्या नोंदींत वीज गेल्याची वेळ होती, शेवटच्या डोसानंतर चार मिनिटांनी. तिने टेबलावरच्या, जुनाच प्रोग्राम असलेल्या पंपात पाणी भरलं, शेवटचा डोस जाऊ दिला आणि प्लग काढून पुन्हा लावला. पंपाने तोच डोस पुन्हा दिला.

मग वीज आल्यानंतरचा हा भाग लिहिला कोणी, म्हणून तिने फाइलचा जुना इतिहास उघडला. नाव तिचंच होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षातलं काम, साफ विसरलेलं.

"पंपात चूक होती एवढं सांगा, पुरे," साहेब हळूच म्हणाले.

"नाही पुरत, साहेब. तिच्यावर नाव घेऊन आळ आलाय, मग माझंही नाव यायला हवं."

चौकशीच्या खोलीत तिने पंप दाखवला, प्लग काढून लावून दाखवला. अध्यक्षांनी विचारलं, "हा भाग लिहिला कोणी?"

"मी. हिची काही चूक नाही."

नणंदेवरचा आळ तिथल्या तिथे मागे घेतला गेला. बाहेर आल्यावर वहिनीला वाटलं, आता ही मिठी मारेल. नणंद भिंतीला टेकून उभी राहिली.

"वहिनी, हे झालं त्या दिवशी तूही मला विचारलं होतंस, नक्की एकदाच दाबलंस ना म्हणून."

"विचारलं होतं," वहिनी म्हणाली, आणि तिला मान वर करवेना.